हो ला हो

थोरलीने कापलेल्या दोन्ही बाह्या धाकट्या जावेने शिलाई मशीनवर पसरल्या. दोन्ही डाव्याच.

"छान कापल्यात, जाऊबाई," ती म्हणाली.

थोरलीने नुसती मान हलवली. एरवी ही चूक भांडायला महिनाभर पुरली असती. थोरली कापायची, धाकटी शिवायची. नवरे गेले तरी दोघींचं भांडण काही गेलं नाही. मग म्हाताऱ्यांच्या मेंदूच्या अभ्यासात दोघींची नावं लागली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. धाकटीच्या मेंदूतल्या दूरदूरच्या भागांची एकमेकांशी ये-जा बऱ्यापैकी शाबूत होती, थोरलीची विरळ झाली होती.

"वय सारखं असलं तरी प्रत्येकाचं वेगळं असतं," डॉक्टर धाकटीला म्हणाले. "कोणाचं काय टिकेल, सांगता येत नाही. यांच्याशी वाद नको. हो ला हो म्हणा."

खोटं कशाला बोला, धाकटीला आधी बरंच वाटलं. शेवटी जिंकले एकदाची! पण ती हो ला हो म्हणत गेली, तशी थोरली मिटत गेली.

आज थोरलीचा मुलगा तिला वृद्धाश्रमात न्यायला आला होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"आई, मी कोण?"

थोरली त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली.

"बघितलंत, काकू? गाडी खाली उभी आहे."

धाकटीने बाह्या उचलून थोरलीच्या पुढ्यात आदळल्या.

"ने बाबा, ने. हिला जन्मात कधी कापता आलंय? वन्संच्या लग्नातला ह्यांचा कोट हिनेच वाया घालवला."

"काकू, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांनी काढलाय का हिच्याबरोबर जन्म?"

थोरलीने बाही उचलली, उलटसुलट केली.

"कोट मी नीटच कापला होता," ती सावकाश म्हणाली. "कॉलर उलटी लावलीस तू. आणि वर सासूबाईंचे कान भरलेस." मग ती मुलाकडे वळली. "बाळ्या, हिच्या नादी लागू नकोस. ही पहिल्यापासून खोटारडी."

मुलगा मटकन स्टुलावर बसला.

धाकटीला रडू येत होतं आणि तिला थोरलीचा भयंकर राग आला होता. तिने पदर खोचला.

"खोटारडी कोणाला म्हणतेस गं?"

कॉलर तिनेच उलटी लावली होती. पण आता ते कबूल करून चालणार नव्हतं.