लाल रंगाची डोण

लढाईच्या दिवसांत धाऊ मुंबईच्या बंदरात कामाला लागला. तिथे लष्कराच्या होड्यांना मागे मोटरी टांगलेल्या असत. खाऱ्या पाण्याने त्यांचं लोखंड गंजे आणि बुडत्या भागाला शिंपले चिकटून पंखा अडे. धाऊ ते शिंपले खरवडायचा, मोटर गोड्या पाण्याने धुवायचा आणि वर लाल रंग फासायचा. त्या रंगावर समुद्रातला जीव टिकत नसे.

काम सोडून मुरबाडकडच्या आपल्या गावी येताना त्याने उरलेल्या रंगाचा डबा आणला. बैलांना पाणी पाजायची लाकडी डोण किडीने पोखरली होती. ती आतून-बाहेरून रंगवून तो बायकोला म्हणाला, "गिरजे, आता हिला कीड शिवायची नाय."

आठवडा झाला नाही तोच थोरला बैल फेस टाकून आडवा झाला. गिरजाने त्याचं तोंड उघडलं, तर जिभेवर लाल पापुद्रे.

"त्या रंगात काय हाय?" तिने विचारलं.

"ईख. जहर," धाऊ खाली मान घालून म्हणाला. "पन शिंपल्यांना मारायचं. येवढ्या मोठ्या जनावराला काय होनार, असं वाटलं."

गिरजाने कुऱ्हाडीने डोण फोडली. शेजारची रंभा जळणाला फळ्या मागायला आली, तिला तिने परत पाठवलं आणि फळ्या बैलाबरोबरच पुरल्या.

एका बैलावर नांगर चालेना, म्हणून धाऊला पुन्हा बंदरावर जाणं भाग पडलं. निघायच्या सकाळी गिरजाने राखेने त्याचे हात घासघासून धुतले. नखांतली लाली हटेना.

"गेलं का?" त्याने विचारलं.

"नाय," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून तिने आपल्या हाताने त्याच्या तोंडात घातला.