सुतकातल्या गाठी

देवमननं उजवा तळहात गाठीवर टेकवला, डोळे मिटले आणि ओठ हलवत मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं. मग हात उचलून नाकाशी नेला. दुसरी गाठ. तिसरी. कडुनिंबाखाली, जिनिंगच्या साऱ्या शेडपासून दूर, सरकी काढलेल्या रुईच्या अकरा गाठी एकमेकींना न शिवता मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या एका अंगावर गेरूचा पट्टा ओढला होता. डिसेंबरातलं ऊन अजून तिथवर पोचलं नव्हतं. नितेश दहा पावलांवर चहाचा कप धरून उभा होता. त्याला घाई होती, आणि घाई दिसू द्यायची नव्हती.

"काय म्हणतात, काका?"

"चौथा दिवस हाय," देवमन म्हणाला. "आज काई म्हनत नाहीत. म्हनतील तवा म्हनतील."

चार दिवसांपूर्वी कापसातून आलेला एक खडा यंत्रात सापडला, ठिणगी उडाली आणि रुईच्या ढिगानं पेट घेतला. दहा मिनिटांत बादल्यांनी आग विझली. पण कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्या ढिगातली रुई प्रेसमध्ये जात राहिली होती आणि तिच्या अकरा गाठी बांधून झाल्या होत्या. दाबलेल्या गाठीत ठिणगी गेली तर ती विझत नाही. धूर नाही, जाळ नाही. आतल्या आत चरत राहते, आणि वारा मिळाला की जागी होते. म्हणून नितेशच्या वडिलांनी, केशवरावांनी, नियम घातला होता: अशा गाठी दहा दिवस कडुनिंबाखाली, आणि प्रेसवरच्या जुन्या देवमननं हात लावून 'हो' म्हटल्याशिवाय कुणी शिवायच्या नाहीत. मजूर त्यांना सुतकातल्या गाठी म्हणत.

"आमच्या घरी छप्पन सालापासून सुतक बंद हाय," देवमन दरवर्षी नव्या मजुरांना सांगे. "मी पाळतो थे फक्त या गाठींचं."

केशवराव जाऊन दोन वर्षं झाली होती. ते लोकांना तोंडावर नाही म्हणत आणि तरी लोक त्यांच्याशी टिकून राहत. नितेशला ते कधी जमलं नाही. समोरच्याचा चेहरा पडू लागला की तो चटकन 'हो' टाकायचा. त्याच्याही शब्दावर लोक टिकून होते. दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

"या अकरा जात नाहीत ना, मालक?" देवमननं विचारलं.

"हो काका, इथंच राहतील. एकही हलणार नाही."

फाटकाबाहेर कापसाच्या चौदा ट्रॉल्या उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे, कानटोपी घातलेले खुशालराव.

"नितेशभाऊ, दोन रात्री झाल्या ट्रॉलीवर झोपून. बायको फोनवर इचारते, तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलं काय म्हून."

मागचे शेतकरी हसले. खुशालराव हसले नाहीत.

"तुमच्या गाठी हालत नाहीत अन् आमचा कापूस उतरत नाही. आज अंगण मोकळं नाही झालं, तर चौदाच्या चौदा ट्रॉल्या बाळापूरले नेतो. तुमच्या बापानं कधी असं फाटकावर ठेवलं नाही आमाले."

"संध्याकाळच्या आत मोकळं करतो, काका. हो, शब्द."

कचेरीत पाऊल टाकतो तोच फोन वाजला. सूतगिरणीसाठी माल घेणारा योगेश होता.

"शंभर म्हणजे शंभर, नितेशभाऊ. एकोणनव्वद गाठींची गाडी मी गिरणीला काय म्हणून दाखवू? दुपारपर्यंत निघाली नाही तर पुढचा सगळा हंगाम दुसऱ्या जिनिंगकडे." मग जरा थांबून, "आणि आग-बिग लागली होती म्हणे?"

"छे, हो. कोणी सांगितलं? शंभर निघतील."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ वडिलांच्या खुर्चीकडे पाहत राहिला. तीन होकार, आणि तिन्ही एका अंगणात मावणारे नव्हते. नवीन अकरा गाठी बांधायला प्रेस चालू हवा होता, आणि प्रेसचं तेल अडवणारं रबरी सील कालच फाटलं होतं. ते अमरावतीलाच मिळणार होतं. आणायला कुणालाही धाडता आलं असतं.

त्यानं देवमनला बोलावलं.

"सील तुम्हीच आणा, काका. माप तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

देवमननं मान डोलावली. आपल्यावाचून अडतं हे ऐकून त्याचा चेहरा क्षणभर उजळला. तो घरी जाऊन धुतलेला सदरा घालून आला, फाटलेलं सील रुमालात बांधलं आणि एसटीच्या थांब्याकडे निघाला. जाता जाता तो कडुनिंबाकडे एकदा पाहून गेला. नितेश खिडकीतून मागे सरकला.

अकरा वाजता ट्रक लागला. हमालांचा मुकादम जानराव खांद्यावर आकडा टाकून गेरूच्या पट्ट्यांपाशी थबकला.

"देवमनभाऊनं हात लावून पाह्यला काय?"

"हो. सकाळीच पाहिला. थंड आहेत म्हणाले."

"दहा दिवस नाही झाले, मालक."

"यावेळी गरज नाही म्हणाले."

"तो म्हनला असंन तर ठीक हाय, बाप्पा." जानरावनं वळून माणसांना हाक मारली. "चला रे. भाऊ हो म्हनला."

ते दुसरीकडे वळल्यावर नितेशनं स्वतः एका गाठीवर तळहात ठेवला. सावलीतल्या गोणपाटावरचं दव अजून वाळलं नव्हतं. गाठ गार होती. तो मोजू लागला. विसापर्यंत आला, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हॉर्न वाजवला आणि त्यानं हात काढून घेतला.

त्या अकरा गाठी त्यानं सगळ्यांत आधी चढवायला लावल्या. अगदी पुढच्या थरात, केबिनला टेकून, गेरूची बाजू केबिनकडे. गिरणीत गाठी उतरेपर्यंत पट्टे कुणाला दिसायला नकोत. वर आणि मागे उरलेल्या एकोणनव्वद रचल्या, ताडपत्री ताणली. ड्रायव्हर पिंटूनं आरशाला झेंडूची माळ बांधली.

"फोटो काढा, शेठ. शंभर वऱ्हाडी अन् एकच नवरदेव."

दीड वाजता गाडी निघाली. मोकळ्या झालेल्या अंगणात नितेश एकटा उभा राहिला. सगळ्यांना दिलेला शब्द पाळल्यासारखं वाटत होतं, फक्त कडुनिंबाखाली अकरा चौकोनी ओले डाग होते.

देवमन परतला तेव्हा उन्हं कलली होती. तो फाटकातून सरळ झाडाकडे गेला. वाटेत मूर्तिजापूरजवळ एसटीच्या खिडकीतून त्याला पिंटूची गाडी दिसली होती. पिंटूनं ओळखून हॉर्नही दिला होता. एकोणनव्वद गाठींना ताडपत्री एवढी उंच कशी, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात घोळत होतं.

जानराव हात पुसत समोर आला.

"देवमनभाऊ, तुमी हो म्हनले म्हून उचलल्या बरं आमी. म्हनले ना तुमी?"

नितेश कचेरीच्या पायरीवर होता. देवमननं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नितेशला सोसला असता.

"हो," देवमन म्हणाला. "म्हनलो होतो मी."

जानराव निर्धास्त होऊन गेला. देवमन पायरीपाशी आला, रुमालातलं नवं सील काढून पायरीवर ठेवलं.

"कुठी लावल्या?"

"पुढच्या थरात. केबिनला लागून."

"गेरू?"

"केबिनकडे." नितेशनं सील उचलून पुन्हा खाली ठेवलं. "उद्या गिरणीत पोचल्या की बाजूला ठेवायला सांगतो. तसं करू ना, काका? चालेल ना?"

आयुष्यभर 'हो' वाटत आलेला माणूस पहिल्यांदा कुणाकडे तरी एक 'हो' मागत होता. देवमन पायरीवर बसला.

फाटक उघडलं होतं. खुशालरावांची पहिली ट्रॉली धडधडत उलटी आत येत होती आणि तिचं मागचं चाक थेट वजनकाट्याच्या खांबावर चाललं होतं. नितेश ओरडत पुढे धावला. खिशातला फोन वाजला. त्यानं एका हातानं तो कानाला लावला, दुसरा हात ट्रॅक्टरला दाखवत राहिला.

"शेठ, तिवस्याले पोचलो. अंगात कसर हाय जराशी, थंडी वाजून राहिली. पन केबिनमंदी मस्त हाय, मांगून ऊब येऊन राहिली. ढाब्यापाशी लावून घंटाभर पडू काय?"

"डावीकडे! डावीकडे घ्या, खुशालकाका! हो... हो, पड."

ट्रॉली खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. खुशालराव खाली उतरून समाधानानं कानटोपी सारखी करू लागले. नितेश श्वास टाकत पायरीकडे परतला.

"कोन होता?" देवमननं विचारलं.

"पिंटू. तिवस्याला पोचला. घंटाभर पडतो म्हणे."

"बरा हाय ना थो?"

"हो. थंडी वाजते म्हणाला. पण केबिनमध्ये मागून ऊब..."

देवमनचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला, तळवा पसरलेला.

नितेशनं नंबर लावला. घंटी जाऊ लागली. अंगणात ट्रॉलीचं फाळकं खाली पडलं, पांढरा कापूस घसरत जमिनीवर आला, कुणीतरी पहिल्या ट्रॉलीला नारळ आणा म्हणून ओरडलं. घंटी जातच होती. पूर्ण जाऊन तुटली. त्यानं पुन्हा लावला.

पायरीवर देवमननं डोळे मिटले होते. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.