खोली नंबर सातची जमीन

लोक म्हणतात, वयामुळं मी तिखट झाले. काही नाही! एकोणीसशे छप्पन सालीसुद्धा मी अशीच होते, आणि या तिखटपणानंच त्या रविवारी माझी पुरती शोभा केली असती.

आमच्या चाकणजवळच्या वाडीतून मॅट्रिकच्या पुढं गेलेली मुलगी मीच पहिली. वडिलांनी, आमच्या दादांनी, एकच अट घातली होती. वसतिगृहात जागा मिळाली तर शीक, नाही मिळाली तर गपगुमान घरी ये. कॉलेज पुण्यात, पण मुलींच्या वसतिगृहासाठी कॉलेजनं चिंचवडला लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी भाड्यानं घेतलेल्या. बारा खोल्या, लांबलचक पडवी, समोर मुंबईचा रस्ता आणि खोल्यांतली जमीन कच्ची, मुरमाची. कॉलेजनं प्रत्येकीला एक खाट नि एक टेबल दिलं आणि हात झटकले.

रेक्टर सुमनताईंनी पहिल्याच दिवशी पडवीत उभं करून सगळ्यांना ऐकवलं, "खोली जिची तिनं लावायची. येत्या रविवारी दहाला मी पाहायला येणार. राहण्याजोगी नसेल तर नाव कमी करीन. बाहेर सतरा जणी वाट बघताहेत. आणि एक लक्षात ठेवा, खोटं बोलणारीला इथं एक दिवससुद्धा थारा नाही."

माझी जोडीदारीण सुरय्या, देहूरोडची. तिचे वडील हनीफचाचा तिथं मोटारी दुरुस्त करायचे. त्यांनी तिथल्या लष्करी डेपोच्या लिलावातलं पॅराशूटचं पांढरंशुभ्र कापड आणून दिलं. आम्ही त्याचे पडदे शिवले, टेबलावर झालर सोडली. खोक्यांच्या फळ्यांची मांडणी केली, तिच्यावर पुस्तकं उंचीप्रमाणं लावली. काय थाट होता म्हणून सांगू! बुधवारी संध्याकाळी दारात उभी राहून मी स्वतःवरच खूश झाले.

गुरुवारी सकाळी पडदे तांबडे. पावसानं दडी मारलेली, रस्त्यावरून लॉरी गेली की मुरूम उडायचा आणि खोलीत नुसतं चाललं तरी उडायचा. झाडलं तर विचारूच नका! पडदे धुतले, शुक्रवारी पुन्हा तांबडे. पुन्हा धुतले. सुरय्या शिंकून शिंकून रडकुंडीला आली. "रंभा, माझं नाक तर आधीच नापास झालं गं," म्हणाली. मला हसूसुद्धा येईना. डोळ्यांपुढं चाकणच्या रस्त्यानं ट्रंक घेऊन परत जाणारी मीच दिसत होते.

रविवारी सकाळी सातला पडवीत हाक आली, "रंभेऽऽ!" आई! डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, अनवाणी. आदल्या दिवशी चाकणचा बाजार करून, पहाटे मिळेल त्या गाडीनं आली होती. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"जिमीन उघडी ठिवून पडदं लावल्यात व्हय गं? ह्ये म्हंजी अंगाला न्हाई चिंधी आन् डोक्याला मुंडावळी."

मी म्हटलं, "तू बस. पाणी आणते." हंडा भरून येते तर खोलीतलं सामान पडवीत, आणि आई मागच्या गवळ्याच्या गोठ्यातून शेण आणून बादलीत मातीशी कालवत बसलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, अगं ह्ये कॉलेज हाय! इथं वकिला-डॉक्टरांच्या पोरी राहत्यात. शेण काय! टाक ते!"

"शेनाला काय झालं? तू काय विलायतंत जन्मलीस?" तिनं मान वर केली नाही.

सुरय्यानं तर पदर खोचला. "मावशी, आमच्याकडं अम्मी सारवते, मला कधी हात लावू देत नाही. मला दाखवा ना." झालं! दोघी बसल्या सारवायला. आई पंज्याचे गोल गोल फेर ओढत मागं सरकत होती. शेजारच्या खोल्यांतल्या पोरी नाकाला रुमाल लावून जमल्या आणि मी तोंड लपवून खांबाआड उभी.

दहाला सुमनताई निघाल्या त्या पोरींची गर्दी पाहून नेमक्या आमच्या सात नंबरकडंच. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात आईनं हात आडवा घातला.

"थांबा बाई! वल्या सारवनावर पाय न्हाई द्यायचा. दम खावा घटकाभर."

रेक्टरबाईंना आजवर कुणी थांबवलं नव्हतं. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. "कोण आहेत या?"

आणि मी म्हणाले, "कामाला बोलावलेली बाई आहे."

सुरय्यानं गर्रकन वळून माझ्याकडं पाहिलं. आईनं ऐकलं. फक्त आडवा हात खाली घेतला. मला अजून, या वयात, तो हात आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"शेवटी येते," म्हणून सुमनताई पुढं गेल्या. बाकीच्या अकरा खोल्या पाहून परतल्या तेव्हा अकरा वाजून गेलेले, ऊन चांगलं चढलेलं, आणि बाईंचं पांढरं पातळ घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तांबडं. शिंकत शिंकत त्यांनी वही उघडली. एकीकडं रेशमी गालिचा होता, एकीकडं भिंतभर तसबिरी, पण सगळ्यांवर मुरमाचा थर. अकराच्या अकरा खोल्यांपुढं फुल्या!

आमची जमीन वाळली होती. सामान झटकून पुन्हा लावलेलं होतं. सुमनताईंनी कुणी न सांगता चपला काढल्या आणि आत आल्या. इकडून तिकडं चालल्या. बाहेरून लॉरी गेली, पडदा हलला, पण खालचा कणसुद्धा उडाला नाही. त्यांनी झालरीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. बोट कोरं!

"राहण्याजोगी," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. सुरय्यानं माझा दंड असा दाबला की कळ आली. मी जिंकले होते! राहणार होते, बी.ए. होणार होते!

मग सुमनताई आईकडं वळल्या. "रंभा, या कामवाल्या बाईंना सगळ्या खोल्यांसाठी विचार. कुठल्या आहेत?"

आई पडवीत बादली विसळत होती. माझं नाव वहीत चढलेलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"त्या कामवाल्या नाहीत," मी ओरडलेच. "माझी आई आहे ती! मला लाज वाटली म्हणून खोटं बोलले. नाव खोडायचं तर खोडा. पण ती कुणाच्या खोल्या सारवणार नाही. ज्यांच्या खोल्या त्यांनी सारवाव्यात, ती शिकवील!"

सुमनताईंनी वही मिटली. "आई आहेत तर बाहेर काय उभं केलंस? खुर्ची आण."

मी धावत ऑफिसातली खुर्ची आणून खोलीत ओढली, तर आई खेकसली, "सारवनावर खुर्ची वढू नगंस, पोपडं निघतील!" सुमनताई खळखळून हसल्या. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

"खोटं तुझं तूच खोडलंस," म्हणून त्यांनी नाव खोडलं नाही. उलट सुमनताईंनी बाकीच्या अकरा खोल्यांना संध्याकाळपर्यंत मुदत दिली. मग काय विचारता! वकिलांच्या, डॉक्टरांच्या पोरी पदर खोचून शेणात कोपरापर्यंत, आणि आई पडवीतून फिरतेय. "ए गोरटे, फेर मोडू नगंस! थोडं पानी घाल! आगं, हळदीचा हात हाय का काय, दाब की!" सगळ्या निमूट ऐकत होत्या. संध्याकाळी बारा खोल्यांपुढं बारा बरोबरच्या खुणा झाल्या, एकही मुलगी घरी गेली नाही.

आई निघाली तेव्हा मी तिचे पाय धरले. "ऊठ," ती म्हणाली, "लई शिकलीस तरी घरच्यांस्नी वळखत जा." बास, एवढंच. मला त्या एवढ्याचंच रडू फुटलं.

तिची गाडी गेली आणि पोरींचा घोळका भोवती जमला. कुणी विचारलं, पुन्हा कधी येणार? कुणी विचारलं, नाव काय त्यांचं? "माझी आई ना? रुक्मिणीबाई! माझी आई पुढच्या महिन्यात येईल. माझी आई म्हणाली, आठवड्यानं पुन्हा हात फिरवायचा." सुरय्या कंटाळून आत निघून गेली, तरी मी पडवीभर प्रत्येक खोलीपुढं थांबून, कुणी विचारलं नव्हतं तिथंही, "माझी आई" म्हणत राहिले.