दुसऱ्याच्या नावाने वाजलेला सॅक्सोफोन

हो, मीच बोलतोय. काचेच्या कपाटातला हा पितळेचा वाकड्या मानेचा सॅक्सोफोन. खालचं कार्ड वाचलंत ना? ‘न्युमा देलेरी यांचा सॅक्सोफोन, न्यू ऑर्लीन्स, १९५५.’ झालं वाचून? आता माझं ऐका. या न्युमाने मला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. मी त्याच्या घरी आलो तेव्हा तो जाऊन चार पावसाळे झाले होते.

मला वाजवलं ते त्याच्या जावयाने, म्हणजे त्याच्या लेकीच्या, ओदालीच्या नवऱ्याने, क्लोव्हिस गिद्रीने. एका जुन्या बाजारात मी त्याच्या गळ्यात पडलो तेव्हा माझी एक स्प्रिंग तुटलेली होती. क्लोव्हिसने तिथे रबरबँड अडकवला. “उद्या नीट करू,” म्हणाला. तो उद्या कधी उजाडलाच नाही. त्यामुळे एक ठरावीक सूर लागायचा असला की आधी माझ्या अंगातून ‘टक्’ असा आवाज निघे आणि मग सूर.

घरी सराव स्वयंपाकघरात. तिथे सासूबाई फिलोमेन यांचं राज्य. मी पहिली फुंकर घेतली की त्यांचा आवाज चढायचा, “जावईबापू, आधी त्याच्या तोंडात बोळा कोंबा! भात करपतो माझा!” मग माझ्या कर्ण्यात क्लोव्हिसचा लोकरी मोजा जायचा. धुतलेला की न धुतलेला, ते विचारू नका.

खरं काम मात्र धुलाईयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथे तबकड्या ध्वनिमुद्रित व्हायच्या. मध्ये एकच मायक्रोफोन. कुणाला शिंक आली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! गाण्याच्या मध्यावर गायक दम खायला थांबला की आम्ही घुसायचो. पोरंपोरी टेबलं ढकलून नाचायला उठायची ती नेमकी तिथेच. तबकडीवर नाव मात्र एकट्या गायकाचं. नवी तबकडी आली की क्लोव्हिस ती उलटीपालटी करून बघायचा. एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच त्याची हौस होती.

त्यात तो एका कंपनीच्या कराराने बांधलेला. दुसऱ्या कंपनीसाठी गुपचूप वाजवायचं तर नाव खोटं लागायचं. सगळेच तसं करायचे. आमच्या पियानोवाल्याने आपल्या कुत्र्याचं नाव लावलं होतं, आणि तो कुत्रा आम्हा सगळ्यांपेक्षा नावारूपाला आला.

एका सोमवारी गायकाची दाढ सुजली आणि तो आलाच नाही. खोली तर घेऊन ठेवलेली. त्या दुसऱ्या कंपनीसाठी तबकड्या काढणारे प्रुइटसाहेब वैतागून म्हणाले, “क्लोव्हिस, तूच काहीतरी वाजव बाबा.” आम्ही वाजवलं. काय वाजवलं म्हणून सांगू! शेवटी ढोलवाला काठ्या टाकून नुसता हसत बसला.

“नाव काय घालू?” प्रुइटसाहेबांनी विचारलं. क्लोव्हिसच्या तोंडात, आमच्या गावात दर सोमवारी घरोघरी शिजतो तो राजमा-भात होता. तो पटकन बोलून गेला, “न्युमा देलेरी.”

ते नाव त्याच्या जिभेवर होतं, कारण संतांचा सण नुकताच झाला होता. त्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत जातं, आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतं, शेवंती वाहतं. न्युमा गवंडी होता. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या कबरींना गिलावा केला, त्यांची नावं उजळली. स्वतः मात्र, वर्गणी काढून सभासदांचे अंत्यविधी करणाऱ्या मंडळाच्या सामाईक कबरीत गेला. तिच्यावर नाव फक्त मंडळाचं. फिलोमेनबाई दर वर्षी फुलं घेऊन तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि न्युमाचं नाव नसलेल्या त्या दगडावरून हात फिरवून परतायच्या.

तबकडी तुफान चालली. शेजारीण धावत आली, “अगं फिलोमेन, तुझा न्युमा कोपऱ्यावरच्या दुकानात वाजतोय!” बाई उठल्या, गेल्या, ज्यूकबॉक्सवरचं नाव दोनदा वाचलं, नाणं टाकून ऐकलं आणि मासे घेऊन परत आल्या. क्लोव्हिसला मात्र जेवण गेलं नाही.

वर्ष सरलं. क्लोव्हिसचा करार संपला, तो नेमका पुढच्या सणाच्या तोंडावर. सणादिवशी सकाळीच प्रुइटसाहेबांनी बोलावून सांगितलं, “आता लपवाछपवी नको. पुढच्या तबकडीवर तुझंच नाव छापू. उद्या येऊन सांग, कसं लिहायचं ते.” क्लोव्हिस मला घेऊन थेट दफनभूमीकडे निघाला, शीळ घालत.

माझ्या पेटीची कडी मोडकी होती. फटीतून मला सगळं दिसत होतं. मंडळाच्या कबरीपाशी शेवंतीच्या मधोमध तबकडी उभी केलेली. येणारेजाणारे वाकून नाव वाचत होते, आणि शेजारी नवी टोपी घातलेल्या फिलोमेनबाई ताठ मानेने उभ्या.

क्लोव्हिसची शीळ थांबली. “आई, मला एक सांगायचंय...”

“काय सांगताय? मला काय बहिरी समजलात? आमच्या ह्यांना धड शिट्टीसुद्धा येत नव्हती. आणि ते मेलं ‘टक्’ मी रोज भाताबरोबर ऐकते.” त्यांनी टोपी सारखी केली. “करार संपलाय, ओदालीने सांगितलंय मला. आता स्वतःचं नाव घाला. ह्यांनी वर्षभर मिरवलं, पुष्कळ झालं.”

क्लोव्हिसने वाऱ्याने कललेली तबकडी सरळ केली. मग म्हणाला, “आई, माझं नाव घ्यायला तुम्ही सगळे आहात. त्यांना आत्ता कुठे नाव मिळालंय. राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी त्याने प्रुइटसाहेबांना जुनंच नाव सांगितलं. ते म्हणाले, “वेडा आहेस!” मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात फिलोमेनबाई आल्या, माझ्या कर्ण्यात हात घालून मोजा उपसला आणि खिडकीतून भिरकावला. “वाजवा मोकळं,” म्हणाल्या. “करपू दे भात.”

आज क्लोव्हिसही त्याच सामाईक कबरीत आहे. या संग्रहालयातल्या लोकांनी प्रेमाने माझा रबरबँड काढून चकचकीत स्प्रिंग बसवली. आता ‘टक्’ होत नाही. बायांनो, बाबांनो, एवढंच करा. कार्डावरचं नाव खोडू नका, ते क्लोव्हिसने दिलेलं आहे. ते मोठ्याने वाचा, आणि मग काचेला तोंड लावून हळूच ‘क्लोव्हिस गिद्री’ म्हणा. मला ऐकू येतं.