ऑइल पिणारी गाडी

रघुजीने चौथा स्पार्क प्लग सोडवला, उजेडात फिरवून पाहिला आणि आधीच्या तिन्हींशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला. चारही कोरडे होते.

“ही ऑइल जाळत नाही, अक्का,” तो म्हणाला. “जाळत असती तर हे काळे, चिकट झाले असते.”

शाल्मली गॅरेजच्या दारातच उभी होती. मागून बेंगळुरूच्या बोम्मसंद्रा भागातल्या कारखान्यांचे ट्रक धडधडत जात होते. गाडी निहारची, तिच्या नवऱ्याची. त्यानेच तिच्यात टर्बो बसवला होता, इंजिन सुटं करून स्वतःच्या हातांनी पुन्हा जोडलं होतं. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण गाडीचा एक नट विसरणार नाही, असा माणूस. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. गाडी राहिली. शाल्मली ती रोज ऑफिसला न्यायची, आणि वरचेवर ऑइलचा लाल दिवा पेटायचा.

रघुजीने सकाळपासून सगळं तपासलं होतं. निळा धूर नाही, टर्बोचे पाइप स्वच्छ, कम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखं, कुठे गळती नाही. त्याच्या मराठी घराण्याच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेल्या होत्या. विचारात पडला की तो कन्नडमध्ये पुटपुटायचा. आत्ता तो तेच करत होता.

“मग जातं कुठे?” शाल्मलीने विचारलं.

“तेच कळंना. आता इंजिन उघडून बघाय लागतंय.”

हेच ऐकायला लागू नये म्हणून ती गाडी आणायचं टाळत आली होती. उघडायचं म्हणजे निहारने आवळलेला एकेक बोल्ट सुटणार, आणि पुन्हा आवळायला त्याचे हात नसणार. ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. रविवारी सकाळी घरात निहारचा वास यायचा. गाडीचं काम करून वर आला की तो स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या नॅपकिनला हात पुसायचा, आणि सासूबाई दर वेळी त्याच्यावर ओरडायच्या. आता तो नव्हता, तरी रविवारी उठून बाहेर यावं तर नॅपकिनवर काळपट पंजा उमटलेला आणि ऑइलचा तोच वास. पहिल्यांदा ती घाबरून दारातूनच मागे फिरली. नंतर ती रविवारची वाट पाहू लागली. तो नॅपकिन ती गुपचूप आपल्या खोलीत न्यायची. सासूबाईंना तिने एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं तर त्याचं येणं थांबेल, अशी भीती वाटायची. वेड लागत असेल तर लागू दे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

“थांबा, एकदा खालून बघतो,” म्हणत रघुजी गाडीखाली सरकला.

ऑइल काढायच्या बोल्टच्या जागी निहारने छोटी तोटी बसवली होती. पाना नको, खाली झोपायला नको. पुढे बसून हात घातला की पोचत होता.

“अक्का, स्वल्प इकडे या.”

ती वाकली. टॉर्चच्या उजेडात सगळीकडे धूळ दिसत होती. तोटीचा पांढरा खटका मात्र लख्ख पुसलेला होता, आणि त्याच्या कडेला पिवळी बोटं उमटली होती.

“हळद,” रघुजी म्हणाला. “गाडीला कोण हळद लावतंय?”

शाल्मली तिथेच, तेलकट फरशीवर, खाली बसली. ऑफिसचे कपडे होते ते तिच्या लक्षातही आलं नाही. मग हात आत घालून त्या पिवळ्या बोटांवर तिने आपली बोटं ठेवून पाहिली.

“काय करू? तोटी काढून बोल्ट घालू?”

“नको. आहे तशी राहू दे.”

रघुजीने तिच्याकडे पाहिलं. “सरी, राहू दे तशीच,” म्हणाला आणि प्लग परत बसवायला लागला.

ती जे. पी. नगरला घरी पोचली तेव्हा सासूबाई भाजी चिरत होत्या. शनिवारची दुपार होती.

“काय म्हणाला रघुजी?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “उघडावं लागणार का?”

“नाही आई. इंजिन अगदी चांगलं आहे. थोडं ऑइल पितं, तेवढं घालत राहायचं.”

“किती पितं?”

शाल्मलीने पर्स खुर्चीला अडकवली.

“आठवड्याला एक वाटी.”

सुरी थांबली. सासूबाई उठल्या, त्यांनी हात धुतले, नखांच्या पिवळ्या कडा जरा जास्तच वेळ चोळल्या. मग कपाटातून धुतलेला नॅपकिन काढून दाराशी खिळ्याला टांगला आणि त्याची घडी हाताने सरळ केली.

“आधीचे राहू देत तुझ्या उशीखाली,” त्या म्हणाल्या. “हा उद्यासाठी.”