राखून ठेवलेला पेशंट

दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं माणसांच्या तोंडाकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं मांजरही दुधाच्या पातेल्याकडे बघत नसेल. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. भैरवीच्या कॉलेजात रीतच अशी होती, की प्रॅक्टिकल परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. पेशंट नाही तर मार्क नाहीत. मग कुणी स्वतःच्या आत्याचे दात किडायची वाट बघे, कुणी मेसवाल्याला गळ घाली, आणि एखाद्याला पुस्तकातल्या चित्रासारखी केस मिळाली, की तो ती मित्रांपासून लपवून ठेवी. पेशंट पळवण्यावरून हॉस्टेलात अबोले धरले जात. माणसाच्या आजाराला 'सुंदर केस' म्हणायची सवय जिभेला एकदा लागली, की ती लागल्याचं कळतही नाही.

भैरवी सावनेरची. वडील कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकून, आणि घराण्यातली पहिली डॉक्टर म्हणून तिच्या नावाचा बोभाटा आधीच झालेला. ती मागच्या खेपेला नापास झाली, तीही येत नव्हतं म्हणून नाही. तिनं पेशंट म्हणून ठरवलेले एक आजोबा ऐन परीक्षेच्या दिवशी भाचीच्या लग्नाला काटोलला निघून गेले. रिकाम्या खुर्चीशेजारी ती एप्रन घालून उभी होती आणि परीक्षक पुढच्या मुलीकडे गेले. घरी तिनं पेपर अवघड होता असं सांगितलं.

नापास मुलांना आधार म्हणून कॉलेजनं एकेक शिक्षक नेमून दिले होते. भैरवीच्या वाट्याला चारुशीला मॅडम आल्या. बाई मायेच्या. तिला डबा द्यायच्या, तिच्याकडून प्रश्नोत्तरं घोकून घ्यायच्या, रडली तर रडू द्यायच्या. समाजाच्या दंतआरोग्याचा विभाग त्यांच्याकडेच होता, आणि शहराला लागून असलेल्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या हमालांवर त्यांचं संशोधन चालू होतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन किती जणांचं तोंड उघडेनासं झालं आहे, ते मोजायचं. वाडीच्या तपासणी शिबिराला निघताना, गाडीत बसता बसता त्या भैरवीला एवढंच म्हणाल्या होत्या, की या वेळी केस मिळाली तर घट्ट धरून ठेव. त्यांनी ते काळजीनं म्हटलं होतं. दुधानं तोंड पोळलेल्या मुलीनं ते कसं ऐकलं, हे त्यांना कुठून कळणार?

वाडीत अमरावती रोडला लागून गोदामांची रांग आहे. तिथल्या एका शेडमध्ये टेबल मांडून मुलं हमालांची तोंडं तपासत होती. दसरा जवळ आला होता, दीक्षाभूमीला पाहुणे येणार म्हणून माणसं घाईत होती, आणि प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटतच रांगेत उभी होती. त्यांत चंद्रभान होता. पंचेचाळिशीचा, आडव्या हाडाचा, हसरा माणूस. सांगितलं तेव्हा त्यानं तोंडातला खर्रा नालीत थुंकला, चूळ भरली आणि आज्ञाधारकपणे आ केला. तोंडात तीन बोटं जायला हवीत, त्याच्या दोनच गेली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लालसर ठिपके.

भैरवीच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. ही गोष्ट तिला पुढे सगळ्यात जास्त छळणार होती. चट्टा बघून आधी भीती वाटायला हवी होती, काळजी वाटायला हवी होती, आणि तिला आनंद झाला.

लाल ठिपके असलेला पांढरा चट्टा दिसला, तर माणसाला त्याच आठवड्यात बायॉप्सीला पाठवायचं, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तुकडा काढला की तिथे टाके पडणार, चट्ट्याचं रूप बिघडणार. शिवाय सर्जरी विभागात तिच्या वर्गातल्या नूपुरची पोस्टिंग होती, आणि नूपुर असली केस सोडणाऱ्यांतली नव्हती. परीक्षा दिवाळीनंतर, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांवर. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. भैरवीला अक्कल होती, तिनं ती दोन महिने बाजूला ठेवली.

ती चंद्रभानला शेडबाहेर घेऊन गेली. काका, तुमचा इलाज मी स्वतः करवून देईन, म्हणाली, फक्त मी सांगेन त्या तारखेला या. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका, उगाच गोंधळ होतो. खर्रा मात्र आजपासून बंद. आणि तो मान हलवतोय न हलवतोय असं वाटल्यावर तिनं हुकमाचं पान टाकलं: मागच्या वेळी पेशंट आला नाही म्हणून मी नापास झाले, काका. चंद्रभान गंभीर झाला. "मी येईन मॅडम. शब्द देला तुमाले," तो म्हणाला. खिशातली खर्र्याची पुडी काढून त्यानं तिच्यासमोर नालीत टाकली.

तिनं त्याचा नंबर फोनमध्ये 'मावशी' या नावानं ठेवला. हॉस्टेलात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

परीक्षेच्या दिवशी चंद्रभान इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर होता. बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी आरसा घालून पाहिलं, मग हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आत फिरवलं आणि ते एका जागी थांबलं. तिथे आता कडक गाठ लागत होती. भैरवीलाही सकाळी लागली होती.

तू हे पहिल्यांदा कधी पाहिलंस, असं परीक्षकांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात, सर."

चंद्रभानच्या तोंडात आरसा होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याचे डोळे तेवढे तिच्याकडे वळले. क्षणभर तिथेच राहिले आणि पुन्हा वरच्या दिव्याकडे गेले. परीक्षक म्हणाले की याला आजच्या आज पाठवा, आणि केस उत्तम मांडलीस. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. सावनेरला वडिलांनी पेढे वाटले. तिला एकही गिळवला नाही.

ऑपरेशनमध्ये चंद्रभानचा डावा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा गेला. सर्जन म्हणाले, थोडा आधी आला असता तर जबडा वाचला असता कदाचित. त्या 'कदाचित'ला भैरवीनं पुढे फार दिवस घट्ट धरलं. वाचला नसताही, असं ती स्वतःला समजावी, आणि समजावता समजावता मध्येच थांबे.

मग ती चांगुलपणा करत सुटली. इंटर्न झाली होती, ड्यूटी संपली की मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी इस्पितळात, वॉर्डात जाऊन बसायची. फुकट इलाजाच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभी राहायची, नळीतून द्यायला मोसंबीचा रस गाळून न्यायची. चंद्रभानची बायको प्रेमलता साऱ्या वॉर्डाला सांगायची, अशी डॉक्टर पाह्यली नाई, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं. ते ऐकलं की भैरवीला काहीतरी काम आठवायचं आणि ती जिन्याकडे पळायची. खाई त्याला खवखवे. तिचा घसा महिनोन्‌महिने खवखवत होता, आणि वरून लोक तिच्याच तोंडात साखर घालत होते.

फेब्रुवारीत चारुशीला मॅडमनी तिला बोलावलं. कॉलेजचा समाजसेवेचा मोठा कार्यक्रम होता, कॉलेजची तपासणी करणारे पाहुणे येणार होते. वाडीच्या शिबिरात सापडलेला पेशंट, त्याला धरून आणणारी विद्यार्थिनी, वेळेवर झालेला इलाज, याहून चांगलं काय दाखवणार? चंद्रभाननं स्टेजवर दोन शब्द बोलावेत आणि त्याच्या हातून भैरवीला सन्मानचिन्ह द्यावं, असं मॅडमच्या मनात होतं. नापास झालेली मुलगी कुठवर आली, या अभिमानानं त्यांचे डोळे भरून आले होते. लाल ठिपके शिबिरातच दिसले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'वेळेवर' या शब्दाला भैरवी अडखळली, पण मॅडमच्या त्या डोळ्यांपुढे तिला तोंड उघडता आलं नाही. आमंत्रण द्यायला तिनंच जायचं ठरलं.

वाडीपर्यंतच्या रस्त्यात तिनं मनाशी एक पक्कं केलं. त्या माणसाला त्या स्टेजवर आपले आभार मानू द्यायचे नाहीत. त्यासाठी खरं सांगावं लागलं तर सांगायचं. पण बहुधा तब्येतीचं कारण पुरेल, असंही ती तेवढ्याच वेळात ठरवून बसली. माणूस स्वतःशीही हातचं राखूनच बोलतो.

गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. चंद्रभान दारात खुर्ची टाकून बसला होता. चेहऱ्याची एक बाजू आत बसलेली, ओठाच्या कोपऱ्याशी रुमाल. तो आता हमालीला जात नव्हता. तोल सांभाळत ओझं उचलायची ताकद गेली होती, म्हणून गोदामवाल्यानं त्याला गेटवर बसवलं होतं. आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली प्रेमलता गॅसवर चहा ठेवत होती. भैरवीसाठी तिनं कानाचा, फुलांचा कप काढला होता. तो फक्त तिच्यासाठी निघायचा.

कार्यक्रमाचं ऐकून चंद्रभान खूश झाला. बोलणं लडबडलेलं, सावकाश, पण शब्द कळत होते.

"येतो ना मॅडम. तुमचं नाव होऊन राहिलं तं मी काहून नाई येणार? सांगीन सगळ्यायले, मॅडमनं वाचवलं म्हणून."

तब्येतीचं कारण भैरवीच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. त्याच्या रुमालाकडे बघत ती म्हणाली, "काका, तसं सांगू नका. शिबिरात मी तुमचा गाल पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. त्याच आठवड्यात तुकडा तपासायला पाठवायला हवा होता. मी तुम्हाला माझ्या परीक्षेसाठी थांबवून ठेवलं. आणि परीक्षेत खोटं बोलले. तुम्ही ऐकलंत ते."

गॅसजवळचा चमचा वाजायचा थांबला.

चंद्रभाननं रुमालानं ओठ टिपला. "मले मालूम आहे," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. दिवाळीच्या आधी गोदामात सरकारी डॉक्टर आले होते. त्यांनी बॅटरी मारून गाल पाहिला आणि बजावलं, की उद्याच्या उद्या मेडिकलला जा, तुकडा काढावा लागेल, थांबू नको. तेव्हाच त्याला समजलं, की मॅडमनी दिलेली तारीख इलाजाची नाही, परीक्षेची आहे.

"मग गेला का नाहीत, काका?" तिनं विचारलं.

"कसा जाईन? तिकडं कापून घेतलं असतं, तं तुमी पुन्हा फेल. तुमीच सांगतलं होतं ना. आन शब्द देला होता."

इतके महिने भैरवी स्वतःला सांगत आली होती, की आपण एका अजाण माणसाला फसवलं. तो अजाण नव्हता. तिनं आपलं दुःख त्याच्या खांद्यावर टाकलं होतं, आणि जन्मभर ओझी उचललेल्या माणसानं तेही उचललं होतं. तिला रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली.

प्रेमलतानं गॅस बंद केला. ती आधी नवऱ्याकडे वळली. "मले काहून नाई सांगतलं?" तिनं विचारलं. मग ती भैरवीसमोर येऊन उभी राहिली. शिव्या देईल, हात धरून बाहेर काढेल, असं भैरवीला वाटलं; तिनं तसं करावं अशी इच्छाही झाली.

"पास झाली ना वं तू?" प्रेमलता म्हणाली.

"झाले, काकू."

"हं." तिनं पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "आमी येतो कार्यक्रमाले. दोघंही येतो. पण यायनं तुले शब्द देला होता, तसा आता तू मले दे. आता जे इथं बोलली, थे तिथं स्टेजवर बोलशीन."

भैरवीच्या डोळ्यांपुढे चारुशीला मॅडम आल्या, पाहुणे आले, पहिल्या रांगेत बसलेले वडील आले.

"तुमच्या कालेजात अजून पोरी असतीन," प्रेमलता म्हणाली. "त्यायचेबी कोणी काका असतीन."

"देते शब्द," भैरवी म्हणाली.

प्रेमलतानं चहा गाळला. फुलांचा कप तिनं परत फळीवर ठेवला आणि भैरवीला घरच्यांसारखा स्टीलच्या पेल्यात चहा दिला. चंद्रभानचा चहा तिनं बशीत ओतून, फुंकून, चमच्यानं त्याला पाजला. भैरवीनं आपला पेला संपेपर्यंत ते पाहिलं, मान वळवली नाही.

रस्त्यावर आल्यावर चारुशीला मॅडमचा फोन आला. मागून ट्रकचे हॉर्न वाजत होते, तिला दुसऱ्या कानावर हात धरावा लागला. येतायत ना, मॅडमनी विचारलं. दोघंही येतायत, तिनं सांगितलं. मॅडमना फार आनंद झाला. मग त्यांना सुचलं, की भैरवीनंही सन्मानचिन्ह घेताना थोडं बोलावं, बाकीच्या मुलांना हुरूप येईल.

"बोलणार आहे, मॅडम," भैरवी म्हणाली.

छान, पण पाहुण्यांना घाई आहे, दोन मिनिटांच्या वर घेऊ नकोस, असं मॅडमनी बजावलं. भैरवी म्हणाली, की तेवढी पुरतील.