मागच्या पाटीवरचा आठ

ज्या वर्षी हळूबाईच्या थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आम्ही दोघी बहिणीही एका पत्र्यातून निघालो. एक गाडीच्या तोंडाला लागली, एक पाठीला. पाठीची ती मी. गाडीच्या नंबराची पाटी, वय बारा वर्षे, सध्याचा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीतली लोखंडी फळी. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून हळहळू नका. त्यासाठी मी तोंड उघडलेले नाही.

आम्हाला घडवणारा माणूस साचेवाला म्हणून ओळखला जाई. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धीच होती. तो साच्यात आकडे ओळीने बसवी, वर पत्रा ठेवी आणि दांडा असा ओढी, की आकडे पत्र्यातून वर उठून येत. मग तो आम्हाला तापलेल्या रुळाखालून काढी. रुळाची काळी पट्टी फक्त वर उठलेल्या भागाला चिकटे, बाकीचा पत्रा पांढरा राही. माझे शेवटचे चार आकडे होते चार, शून्य, एक, आठ. माझा आठ इंग्रजी, म्हणजे एकावर एक बसवलेले दोन गोल. साचेवाल्याने मला दोन्ही हातांत धरले आणि अंगणाच्या पार टोकाला कपडे वाळत घालणाऱ्या बायकोला हाक मारली.

“तिथूनच वाच गं.”

तिने ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि एका दमात वाचून दाखवले.

“झाली,” साचेवाला म्हणाला. “वाचता आली तर पाटी, नाही तर डब्याचं झाकण.”

हे मी जन्मभर विसरले नाही.

आता हळूबाईविषयी. हे काही तिचे खरे नाव नव्हे. ती शाळेच्या मुलांची पांढरी गाडी चालवी आणि इतकी सावकाश चालवी, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. मुलांनी नाव ठेवले, आईबापांनी उचलले, आणि शेवटी तीही फोनवर “हळूबाई बोलतेय” असे म्हणू लागली.

“हळूबाई, काठीवाली आजी पण आपल्या पुढे गेली,” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडे.

“तिला घाई असेल. आपल्याला नुसतं पोचायचंय.”

बारा वर्षांत तिच्या गाडीखाली कुत्र्याचे शेपूटही आले नाही. पावसात, उन्हात, धुरळ्यात मी तिच्या पाठीला होते. पुढची बहीण समोरच्याला सांगे की कोण येत आहे. मी मागे राहिलेल्याला सांगे की कोण गेले. माझ्या मते माझे काम अधिक महत्त्वाचे. चांगला माणूस येताना दिसतो आणि जातानाही दिसतो. पळून जाणाऱ्याची मात्र फक्त पाठच दिसते.

हळूबाई स्वच्छतेला फार कडक. रोज सकाळी बादली, साबण आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन ती गाडीशी बसे. पुढच्या बहिणीसमोर लोखंडी गज होते, तिथे हात नीट शिरत नसे. मी मोकळी होते. माझ्यावर ती सगळा जोर काढी. एकदा चौकातल्या वाहतूक शिपायाने मला पाहिले आणि म्हणाला, “बाई, पाटी असावी तर अशी. आरसाच.” झाले. दुसऱ्या दिवसापासून ती मला दोनदा घासू लागली.

काळा रंग कुठे होता, आठवते ना? वर उठलेल्या भागावर. घासणी आधी तिथेच लागणार. शिपायाच्या त्या कौतुकाने माझे जेवढे नुकसान केले, तेवढे बारा वर्षांच्या धुळीने केले नाही. आधी चार फिका झाला, मग शून्याची कड गेली. आठाचे दोन्ही गोल डाव्या बाजूने पुसले गेले. दोन गोलांची डावी बाजू गेली की काय उरते, ते कागदावर काढून बघा. तीन उरतो.

हळूबाईचा भाचा फिटर होता. गाडीचे तेल बदलायला आला की तो माझ्यासमोर उकिडवा बसे.

“मावशी, ही पाटी बदल. आठाला अर्धांगवायू झालाय.”

“मला तर चांगला दिसतोय.”

“तुला पाठ आहे म्हणून दिसतोय. माझ्या डोळ्यांनी बघ.”

“तुझ्या डोळ्यांनी बघायचं तर आधी तुझं लग्न जमवावं लागेल, सगळ्यांना नाही म्हणत सुटतोस. बघू पुढच्या महिन्यात. दिवसभर त्या पाट्यांच्या कचेरीत रांगेला उभी राहिले, तर मुलांना कोण सोडणार?”

तो पुढचा महिना तीन वर्षे आला नाही. मी मात्र आतून ओरडत होते. बदला मला! पत्रा चकचकीत आहे म्हणून मी धडधाकट आहे असे समजू नका. पण पाटीचे बोलणे फक्त वाचता येते, ऐकू येत नाही. आणि वाचण्यासारखे माझ्यात काही उरले नव्हते.

मग तो सोमवार आला. दुपारचे साडेचार वाजले होते. शाळेचा माळी, ज्याला सगळे माळीबुवा म्हणत, काम संपवून सायकलवरून घरी निघाला होता. शाळेपुढच्या वळणावर एका पांढऱ्या गाडीने त्याला मागून उडवले आणि ती थांबली नाही. वळणावर किल्ल्या करून देणारा एक म्हातारा बसतो. त्याने जाणाऱ्या गाडीची पाटी पाहिली आणि फौजदाराला सांगितले, “चार, शून्य, एक, तीन.”

त्या नंबराची गाडी गादीवाल्याची निघाली. तीही पांढरी, आमच्याच बनावटीची, घरोघर गाद्या पोचवणारी. फौजदार तिथे गेला तेव्हा गादीवाला जागचा हललासुद्धा नाही.

“साहेब, आमची गाडी त्या रस्त्याला गेलीच नाही. शाळेची ती बाई आहे ना, हळूबाई? तिची मागची पाटी बघा एकदा. मी रोज बघतो. सगळं जग तिला तीनच म्हणेल.”

मंगळवारी सकाळी फौजदार आमच्या दारात उभा राहिला. माझ्यासमोर वाकला, डोळे बारीक केले.

“हा काय आकडा आहे, बाई?”

“आठ.”

“मला तीन दिसतोय.”

“पुढची पाटी बघा की. तिथे आठ ठसठशीत आहे.”

“पळणाऱ्या गाडीची मागचीच पाटी दिसते. काल साडेचारला कुठे होता?”

“मुलांना सोडून त्याच रस्त्याने घरी येत होते.”

“गाडीत कोण होतं?”

“कोणी नाही.”

फौजदाराने वहीत लिहून घेतले. दोन्ही गाड्यांवर जुने ओरखडे होते, त्यावरून काही ठरेना. माळीबुवा दवाखान्यात बेशुद्ध होता. बुधवारी हळूबाई नेहमीच्या वेळेला निघाली, तर अकरापैकी सात दारे उघडलीच नाहीत. आठव्या दारात एका मुलीची आई उभी होती. “आज मीच सोडते तिला,” ती म्हणाली, पण हळूबाईच्या डोळ्यांकडे तिने पाहिले नाही. मागून मुलगी विचारत होती, “आई, हळूबाईने माळीबुवाला पाडलं?”

घरी आल्यावर हळूबाई माझ्यासमोर येऊन बसली. या वेळी हातात घासणी नव्हती. तिने माझ्या आठावरून बोट फिरवले. रंग गेला होता, पण साचेवाल्याने उठवलेला पत्रा अजून तसाच होता. दोन्ही गोल तिच्या बोटाला लागले. मग ती उठली आणि रस्त्यावर गेली. गाडीपासून दहा पावले मागे, वीस पावले मागे. तिथून माझ्याकडे बघत राहिली. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच मला परक्यासारखी पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात गेली.

“साहेब, माझी गाडी वळणावर लावा. साडेचारलाच लावा, ऊन तसंच पाहिजे. आणि किल्लीवाल्याला त्याच्या जागेवरून वाचायला सांगा.”

“त्याने तीन वाचला तर तुम्ही स्वतःच अडकाल, बाई.”

“वाचला तर अडकेन. वाचू तर द्या.”

फिटर भाचा बाहेर तिच्यावर चिडला. “मावशी, उगाच फासात मान कशाला घालतेस? वकील बघू.”

“मी गाडी हळू चालवते, डोकं नाही,” ती म्हणाली.

साडेचार वाजता वळणावर ही गर्दी. ज्यांनी दारे लावली होती ते आईबापही आले होते. फौजदाराने गादीवाल्यालाही गाडी आणि चालकासकट बोलावले होते. फौजदाराने किल्लीवाल्याला भिंतीकडे तोंड करून बसवले, म्हणजे कोणती गाडी आली ते त्याला कळू नये. सोमवारची पाटी जिथे म्हाताऱ्याने वाचली होती, त्या खांबाशी आमची गाडी उभी केली आणि सांगितले, “आता वळा. पाटी वाचा.”

म्हातारा वळला. जन्मभर किल्ल्यांच्या खाचा बघितलेले डोळे ते. त्याने कपाळावर हात धरला, मान तिरकी केली, जागच्या जागी सरकला.

“साहेब, इथे आकडाच नाही. नुसता पत्रा चमकतोय. डोळ्यांत जातोय.”

“नीट बघा. तीन आहे का?”

“तीन नाही, आठ नाही, काहीच नाही. जवळ जाऊन सांगू का?”

“नको. पुन्हा तोंड फिरवा.”

मग आमच्या जागी गादीवाल्याची गाडी आणली. म्हातारा वळला आणि पापणी लवायच्या आत म्हणाला, “चार, शून्य, एक, तीन. हीच साहेब. सोमवारी मी हीच वाचली.”

काय झाले ते समजले ना, मित्रांनो? त्या उन्हात, तेवढ्या अंतरावरून मी कुणालाच वाचता येत नव्हते. म्हणून ज्याने सोमवारी स्वच्छ तीन वाचला, त्याने मला वाचलेच नव्हते. गादीवाल्याने जवळून पाहिलेल्या माझ्या दुबळेपणाचा आडोसा केला होता. तोच आडोसा त्याच्यावर उलटला. त्याच्या गाडीचा चालक घाम पुसत म्हणाला, “मालकांनीच गप्प राहायला सांगितलं होतं.” गादीवाला लोकांमधून वाट काढू लागला, पण फौजदाराने त्याचा दंड धरला होता.

लोक हळूबाईभोवती जमले. आठव्या दारातली ती आई पुढे आली. “चुकलं हो आमचं. उद्यापासून...”

“उद्या नाही,” हळूबाई म्हणाली आणि फौजदाराकडे वळली. “साहेब, माझ्या पाटीचं लिहून घ्या.”

“अहो, त्याचं नंतर बघू. तुम्ही सुटलात ना?”

“न वाचता येणारी पाटी लावून मी तीन वर्षं मुलांची गाडी चालवली. उद्या माझ्याच हातून काही झालं असतं, तर मागच्याने काय वाचलं असतं? लिहा. दुसऱ्याचं पाप मी घेणार नाही, आणि माझं दुसऱ्याला देणार नाही.”

फौजदाराने लिहिले. नवी पाटी लागेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही असा हुकूम झाला, आणि हळूबाईने त्यावर ठळक सही केली. फिटरने त्याच जागी माझे खिळे उचकटले. एक खिळा निघता निघेना. तो मीच धरून ठेवला होता असे म्हणा हवे तर. बारा वर्षांची जागा सोडताना एवढा हट्ट चालतो.

जुनी पाटी परत आली की कचेरीत तिचे दोन तुकडे करतात. माझे झाले नाहीत. मी खटल्याचा पुरावा झाले. पाठीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. ज्या दिवशी मला कुणालाच वाचता आले नाही, त्याच दिवसामुळे मी आजवर शाबूत आहे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडतात, म्हणे. मी जोडणार नाही. मी सांगणार. आम्हाला पुसलेत म्हणजे जपलेत असे समजू नका. वीस पावले मागे जा आणि जो नंबर तुम्हाला पाठ आहे, तो पाठ नसल्यासारखा वाचून बघा. अडखळलात तर त्याच आठवड्यात आम्हाला उतरवा. रांगेत दिवस जाईल, जाऊ द्या. पाटीला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. पाटीला वाईट वाटते ते ताटकळल्याचे. आणि आमच्या पुसटपणाआड कुणी लपायला आला, तर त्याला तिथे उभे राहू देऊ नका. आठ तो आठच आहे. माझ्यावरून बोट फिरवा, अजून लागेल.

मला उतरवल्यानंतर नवव्या दिवशी, शनिवारी नवी पाटी मिळाली. त्याआधी हळूबाई रोज दवाखान्यात जाऊन बसत होती. फौजदाराने माझ्या चिठ्ठीवर माळीबुवापुढे लिहिलेल्या ‘जखमी’ या शब्दावर रेघ मारून खाली नवी ओळ लिहिली आहे. माळीबुवा अपघातानंतर अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता दवाखान्यात वारला.